विश्लेषण : ओला-सुका पुरेसा नाही, आता कचऱ्याचे चार प्रकार! भिवंडीकरांनी घंटागाडीत नेमके काय, कसे द्यायचे?

सकाळी घंटागाडीचा आवाज आला की चाळीतून, इमारतींच्या जिन्यांतून बादल्या खाली येतात. बहुतेक बादल्यांत रात्रीचा उरलेला भात, दुधाची पिशवी, बाळाचा डायपर आणि फुटलेला बल्ब एकाच पिशवीत असतो. नव्या नियमांनुसार या चार वस्तू चार वेगवेगळ्या प्रकारांत मोडतात. हे प्रकार कोणते, लहान घरात ते वेगळे कसे ठेवायचे आणि यंत्रमागाच्या कचऱ्याचे काय, जाणून घेऊया.

नवा नियम काय सांगतो?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२६ मध्ये घनकचरा व्यवस्थापन नियम, २०२६ अधिसूचित केले. १ एप्रिल २०२६ पासून त्यांनी २०१६ च्या नियमांची जागा घेतली. आधीच्या नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार होते. प्रत्यक्षात लोकांच्या लक्षात राहिले ते हिरवा आणि निळा हे दोनच डबे. आता घरातच चार प्रकारांत वर्गीकरण बंधनकारक आहे.

कोणता कचरा कुठे?

- ओला : उरलेले अन्न, भाजीचे देठ, फळांच्या साली, मांस-मासळीचे अवशेष, निर्माल्यातील फुले. यापासून खत किंवा बायोगॅस तयार होतो.
- सुका : कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू, लाकूड, रबर. दुधाची पिशवी विसळून, वाळवून यातच द्यावी.
- सॅनिटरी : डायपर, सॅनिटरी पॅड. कागदात घट्ट गुंडाळून वेगळे द्यावेत.
- विशेष काळजीचा : बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे. हा कचरा अधिकृत यंत्रणेकडे किंवा ठरवून दिलेल्या संकलन केंद्रात जायला हवा.

दहा बाय दहाच्या खोलीत चार डबे ठेवायचे कुठे?

नियम चार प्रकार वेगळे ठेवायला सांगतो. म्हणजे चार मोठे डबे विकत घ्यायला हवेत असे नाही. रोज रिकामा करावा लागणारा, झाकणाचा डबा एकच, तो ओल्या कचऱ्याचा. सुका कचरा कोरडा असेल तर वास येत नाही. दाराच्या मागे खिळ्याला अडकवलेल्या गोणीत तो आठवडाभर राहू शकतो. सॅनिटरी कचऱ्यासाठी रद्दीचा कागद पुरतो. विशेष काळजीचा कचरा घरात महिन्यातून एखादा निघतो, त्यासाठी चपलेचा जुना खोका पुरे. इन्सुलिनच्या सुया मात्र सुट्या टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून ठेवाव्यात, कारण त्या पिशवीत हात घालणारा सफाई कामगार असतो.

एकत्र टाकल्याने बिघडते काय?

डाळ-भाताने भिजलेला पुठ्ठा भंगारवालाही घेत नाही. चांगल्या स्थितीत ज्याला दर मिळाला असता, तो थेट कचराभूमीवर जातो. भिवंडीचा कचरा वर्षानुवर्षे चाविंद्रा येथील डम्पिंग ग्राउंडवर टाकला जात आला आहे. ढिगाऱ्याखाली हवा पोहोचत नाही, त्यामुळे दबलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू तयार होतो. हा वायू ज्वलनशील असतो आणि वर प्लास्टिक-कागदाचे इंधन तयारच असते. कचराभूमीवरील आगी तासन्‌तास धुमसत राहतात, त्या यामुळेच. ओला कचरा घरातच वेगळा झाला तर मिथेनचे मूळच कमी होते.

दुसरा धोका पावसाळ्याचा. पातळ पिशव्या नाल्यांत अडकतात. मुसळधार पावसात तीनबत्ती बाजारपेठेत आणि कामवारी नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते, तेव्हा तुंबलेले नाले त्यात भर घालतात. १२० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या पिशव्यांवर देशभर बंदी आहे. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीच्या उल्लंघनाला पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तर तिसऱ्यांदा २५ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांच्या कैदेची तरतूद आहे.

यंत्रमागाचा कचरा घरच्या बादलीत चालतो का?

भिवंडीत हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण अनेक वस्त्यांत घर आणि कारखाना एकाच भिंतीला आहेत. सुताचे गुंते, कापडाच्या चिंध्या, तेलाने माखलेले फडके हा व्यवसायाचा कचरा आहे, तो घरच्या बादलीत मिसळू नये. स्वच्छ चिंध्यांना यंत्रे पुसण्यासाठी मागणी असते, त्या भंगारात विकल्या जातात. तेलकट फडकी वेगळी ठेवावीत, ती चटकन पेट घेतात. उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई आहे. पॉलिस्टरमिश्रित सूत जाळल्यास विषारी धूर थेट शेजारच्या घरात जातो.

आपण वेगळा दिला, पण गाडीत एकत्र झाला तर?

अनेक शहरांतील नागरिकांची ही तक्रार असते आणि वर्गीकरण सोडून देण्याचे ते सर्वांत मोठे कारणही असते. वेगळा केलेला कचरा वेगळाच गोळा करणे ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. गाडीत वेगळे कप्पे नसतील तर फोटोसह प्रभाग कार्यालयात किंवा केंद्र सरकारच्या स्वच्छता अ‍ॅपवर तक्रार करता येते. काल्हेर, कशेळी, राहनाळ ही गावे महापालिका हद्दीत येत नाहीत, तेथील रहिवाशांनी आधी ग्रामपंचायतीकडे जावे. तोपर्यंत निदान कागद, पुठ्ठा, बाटल्या भंगारवाल्याला दिल्या तर तेवढा माल कचराभूमीवर जाणार नाही.

मोठ्या गृहसंकुलांसाठी वेगळे काय?

२० हजार चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम क्षेत्र, दिवसाला ४० हजार लिटर किंवा अधिक पाणीवापर, किंवा रोज १०० किलो किंवा अधिक कचरा, यांपैकी एकही निकष लागू झाला तर ते संकुल ‘मोठा कचरा निर्माता’ ठरते. अशा संकुलांनी ओल्या कचऱ्यावर शक्य तिथे आवारातच प्रक्रिया करायची आहे.

सुरुवात कुठून करायची?

चारही प्रकार पहिल्याच दिवशी जमतील असे नाही. उद्या सकाळी फक्त ओला कचरा वेगळ्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीशिवाय द्यावा. तो बाजूला झाला की उरलेल्या तीन प्रकारांत भिजलेले काही राहत नाही आणि ते वेगळे ठेवणे सोपे जाते.