पान ४१ कुठे जातं

जुना दिवाळी अंक स्कॅन करायचा तर आधी त्याची शिवण उसवावी लागते. ६४ सुटे कागद, १२८ पानं. स्कॅनरचा फीडर एकाच बाजूने वाचणारा असेल तर पूर्ण गठ्ठा आधी समोरून जातो, मग उलटा करून पाठीमागून. फोल्डरमध्ये ‘समोर-१’ ते ‘समोर-६४’ आणि ‘मागे-१’ ते ‘मागे-६४’ अशा फायली साठतात. गठ्ठा उलटल्यामुळे ‘मागे-१’ म्हणजे पान १२८, ‘मागे-२’ म्हणजे १२६. हे हाताने जुळवत बसलं तर दुपार जाते.

म्हणून ते बॅशच्या स्क्रिप्टवर सोपवायचं, तिला फक्त हिशेब सांगायचा. समोरच्या क्रमांकाची दुप्पट करून एक वजा. मागच्यासाठी ६५ मधून क्रमांक वजा करून दुप्पट. आकडा लिहिताना ‘प्रिंटएफ’ या आज्ञेकडून तीन अंकी करून घ्यायचा: ००१, ००२. नाहीतर फायली अक्षरानुक्रमाने लागतात आणि १ नंतर १०, १००, १०१ येतात. २ ची पाळी फार उशिरा. (इथे आकडे देवनागरीत आहेत, फाइलच्या नावात मात्र इंग्रजीच ठेवावेत. बॅशला देवनागरी आकड्यांची बेरीज येत नाही.)

खरी गंमत पुढे. सगळं लागल्यावर कळतं, की ४० आणि ४१ यांच्या मध्ये जाहिरातीचं एक बिनआकड्याचं पान होतं, तेच स्कॅन व्हायचं राहिलं. दोन्ही बाजू धरून पुढचं सगळं दोनने सरकवायचं. ०४१ चं ०४३ करायला गेलं तर ०४३ आधीच तिथे बसलेलं. नाव बदलणारी ‘एमव्ही’ ही आज्ञा अशा वेळी सहसा विचारत नाही. जुनी फाइल पुसून नवी बसवते, आणि पुसलेली कचरापेटीतही सापडत नाही. म्हणून शेवटाकडून सुरुवात: आधी १२८ चं १३०, मग १२७ चं १२९.

तरीही ०९९ पाशी स्क्रिप्ट अडते. पुढे शून्य असलेला आकडा बॅश अष्टमान पद्धतीचा समजतो, आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ नाहीतच. अडली ते बरं म्हणायचं. ०४१ वर ती अडत नाही. चार आठे बत्तीस आणि एक, असे ती ३३ धरते, दोन मिळवते, आणि पान ४१ जाऊन ०३५ वर बसतं, तिथलं ३५ पुसून. तक्रार कसलीच नाही. उपाय बारीकसा आहे: आकड्याआधी दहा आणि हॅश लिहायचं, म्हणजे तो दशमान धरला जातो.

हे सगळं आधी दिसतं ते ‘इको’मुळे. ‘एमव्ही’च्या आधी हा एक शब्द टाकला, की नाव बदलत नाही, काय बदललं असतं तेवढं पडद्यावर छापून येतं. कामाचा वेळ जातो तो ही यादी वाचण्यात. सुरुवात आणि शेवट कुणीही बघतो. मी ९ ते १०, ९९ ते १०० आणि जिथून सरकवलं ती जागा बघतो. प्रत्यक्ष बदल पापणी लवायच्या आत होतो, कारण चित्राला हात लागतच नाही, फोल्डरच्या नोंदीतलं नाव तेवढं पालटतं.

आणि अंक दुर्मीळ असेल तर मी ‘एमव्ही’ वापरतच नाही. ‘सीपी’ने नव्या नावांच्या प्रती नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये काढतो. तिथे कुणी कुणाच्या जागेवर बसण्याचा प्रश्न कमी, आणि स्क्रिप्ट चुकलीच तर नवा फोल्डर उडवून पुन्हा चालवायची. डिस्कवर जागा दुप्पट लागते, ती लागू द्यावी. पीडीएफ बांधून दुसऱ्या कुणी पानन् पान चाळेपर्यंत मूळ फोल्डर पुसायचा नाही.