चिलापीचे गणित

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठणजवळ गोदावरीवर नाथसागर हा विशाल जलाशय आहे. त्यात मरळ, वाम या देशी माशांबरोबर चिलापी हा परका मासाही आढळतो. तो मूळचा आफ्रिकेतला. भारतात त्याला १९५२ साली आणले गेले. मादी अंडी तोंडात धरून जपते. म्हणून पिले वाचतात व त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

समजा, एका तळ्यातील चिलापी दरवर्षी दुप्पट होतात आणि दहाव्या वर्षी तळे भरून जाते. तर अर्धे तळे केव्हा भरले असेल? पाचव्या वर्षी? नव्हे, नवव्या! आठव्या वर्षी तर पाऊण तळे मोकळेच होते. म्हणून तळे मोकळे दिसते तेव्हाच सावध व्हावे; तरच देशी माशांचे अन्न व जागा टिकते.