पोटाचा नाच आणि पोटासाठीचा नाच

२० मार्चला आम्ही वस्तीतली मंडळी घेऊन महाडला गेलो होतो. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरलो, ओंजळभर पाणी घेतले आणि परतीच्या गाडीत बसलो. माणगावच्या अलीकडे आठवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, जयंतीच्या कार्यक्रमात मी बेली डान्स केला तर चालेल का?" शेजारच्या आजीबाईंनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "त्यात काय झालं? ती कला आहे." सारे आमच्या तोंडाकडे पाहू लागले.

आम्ही पडलो कारकून. नाचातले आम्हांला काय कळणार? पण ज्या तळ्यावरून आम्ही परतत होतो, त्याच तळ्याच्या लढ्यात नाचाच्या पैशाचा प्रश्न एकदा उभा राहिला होता. म्हणून हा विषय मुळापासून सांगावा असे वाटले.

नाव परक्यांनी ठेवले

'बेली डान्स' म्हणजे पोटाचा नाच. हे नाव त्या नाचाच्या माणसांनी ठेवलेले नाही. अरब देशांत त्याला 'रक्स शर्की', म्हणजे पूर्वेकडचा नाच, म्हणतात. इजिप्तमध्ये घरोघरच्या लग्नकार्यात बायका बायकांपुढे नाचत. धंदा म्हणून रस्त्यावर नाचणाऱ्या बायकांना 'घवाझी' म्हणत. त्यांचा नाच लोकांना हवा होता, मान मात्र नव्हता. १८३४ साली तिथला राज्यकर्ता महंमद अली याने त्यांना कैरोतून दक्षिणेकडे हाकलून दिले. युरोपातले प्रवासी तिथेही त्यांना शोधत गेले. फ्रेंचांनी पोटावर बोट ठेवून नाव दिले आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनानंतर ते अमेरिकेत गाजले.

१९२६ साली बदिया मसाबनी या बाईने कैरोत स्वतःचे नाट्यगृह काढले. जागेवर उभे राहून कंबर हलवण्याचा नाच तिने मोठ्या रंगमंचावर फिरता केला, हातांच्या हालचाली वाढवल्या, मागे वाद्यवृंद बसवला. तिच्याकडूनच तहिया कारिओका, सामिया गमाल या नर्तकी सिनेमात गेल्या. चमचमता दोन तुकड्यांचा पोशाखही याच काळात रूढ झाला. तो पुरातन आहे असे समजणे चूक आहे. पुढे १९५९ साली महमूद रेदा यांनी गावोगावचे नाच गोळा करून पथक उभारले. अंगभर कपड्यांतल्या त्यांच्या कार्यक्रमांना घरंदाज कुटुंबेही येऊ लागली.

आपल्याकडची गोष्ट

हे ऐकताना लावणी आठवल्याशिवाय राहत नाही. बैठकीची लावणी बसून, अदा करून गायची. फडाची लावणी ढोलकीच्या तालावर उभ्याने नाचायची. पाहणारे सर्व जातींचे. नाचणाऱ्या बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजाच्या. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळाबाई आपल्याच समाजाची. रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, जात सोडून फडात आले. बापूरावांची लेखणी आणि पवळाबाईंचा नाच यांनी मुंबईची थिएटरे भरली. विठाबाई नारायणगावकर तर खेळ चालू असताना कळा आल्या म्हणून आत गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असे तमासगीर सांगतात. याला पोटासाठीचा नाच म्हणायचे नाही तर काय?

महाडचा नकार

महाडच्या सत्याग्रहासाठी पैसा जमत होता, तेव्हा पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. चळवळीला पै-पैची गरज होती. तरी बाबासाहेबांनी ते पैसे नाकारले. आपल्या बायका नाचवून मिळालेल्या पैशावर माणुसकीचा लढा उभारायचा नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. १९२७ च्या डिसेंबरात महाडलाच त्यांनी स्त्रियांना सांगितले की जातीची खूण पटवणारे लुगडे आणि दागिने सोडा, नीटनेटक्या राहा. बाईच्या अंगावर जात लिहिलेली असते, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी तीच, सवाल-जवाब तेच. पण शृंगार गेला आणि शिक्षण, पाणवठा, स्वाभिमान आला. मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जलशात बाईचे सोंग पुरुषच घेत. नाचणारी बाई अपमानातून सुटली, पण तिला नवा रंगमंच लगेच मिळाला नाही.

सरकारची रीत वेगळी. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात तमाशावर काही काळ बंदी आली. २००५ साली डान्स बार बंद केले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही. कैरो काय आणि मुंबई काय, बंदीने नाच थांबत नाही; नाचणारी तेवढी आणखी लांब ढकलली जाते. बाबासाहेबांचा नकार तसा नव्हता. त्यांनी धंदा नाकारला आणि माणसाला शाळेची वाट दाखवली.

मग उत्तर काय?

आम्ही त्या मुलीला म्हणालो, "नाच वाईट नसतो, बाळ. तीन गोष्टी बघ. कपडे कोण ठरवतो? समोरचा नोटा उधळतो की टाळ्या वाजवतो? आणि थांबावेसे वाटले तर तुला थांबता येते का? तिन्हींचे उत्तर तुझ्या हातात असेल, तर ती कला. नसेल, तर तो पवळाबाईंच्या वाट्याला आलेला फड."

कोल्हाटी समाजाच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या. आज कडूबाई खरात एकतारी घेऊन बाबासाहेबांची गाणी गातात आणि हजारो लोक शांत बसून ऐकतात. वाट अशी हळूहळूच रुंद होते.

मुलगी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "काका, आधी पवळाबाईंवर दोन शब्द बोलते, मग नाचते. चालेल?"

आजीबाई अजून गप्पच होत्या. पण कपाळावरचा हात त्यांनी खाली घेतला होता.