वळणांना भुलू नका, जोड पाहा

फिलिपिन्सच्या दक्षिणेला मिंदानाओ आणि सुलू बेटांवरच्या मोरो लोकांची ‘क्रिस’ समोर आली की नजर आधी जाते ती नागमोडी पात्यावर. हौशी ग्राहक नेमका तिथेच फसतो. वळणं आजचा कारागीरही काढतो, आणि अस्सल जुन्या क्रिसमध्ये सरळ पात्याच्याही भरपूर सापडतात. जावाची क्रिस भोसकण्याची. मोरोंची मात्र चांगली लांबरुंद, दुधारी, सपासप वार करणारी तलवार.

जाणकार पाहतो मुठीलगत. तिथे पातं पसरट होतं आणि त्यावर एक आडवा पट्टा असतो, ‘गांग्या’. जुन्या तलवारीत तो वेगळा घडवून पात्यावर बसवलेला असतो. भिंगाखाली दोहोंमधली बारीक फट दिसते, बहुधा आत गंज धरलेली. साधारण १९३० नंतरच्या बहुतेक तलवारी मात्र एकसंध आहेत. त्यांच्यावर गांग्याची नुसती रेघ कोरलेली असते. ही रेघ खरी की दिखाऊ, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

उरलेलं काम पोलाद सांगतं. फिलिपिनो लोहार, म्हणजे ‘पांदाय’, अनेकदा मऊ लोखंड आणि कडक पोलाद तापवून, ठोकून एकजीव करत. धारेला कडकपणा हवा, पण अख्खं पातं तसं केलं तर ते वार झेलताना तुटेल. म्हणून मऊ थरांनी लवचिकपणा सांभाळायचा आणि पाणी दिलेल्या पोलादाने धार. स्वच्छ केलेल्या पात्यावर व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावलं की जास्त कार्बनचा भाग काळपट पडतो, मऊ लोखंड उजळ राहतं आणि थरांची नक्षी वर येते. एकाच जातीच्या पोलादाच्या पात्यावर अशी नक्षी उमटत नाही. नवशिक्याने हा प्रयोग जुन्या पात्यावर मुळीच करू नये. सँडपेपर तर लांबच ठेवावा. शंभर वर्षांचा काळसर थर एकदा घासून गेला की गेला.

मूठ पुरावा म्हणून कच्ची. काकाकुव्याच्या डोक्यासारखी मूठ सुंदर दिसते खरी, पण मुठी बदलल्या जात; जुन्या पात्याला नवी मूठ सर्रास आढळते. त्यापेक्षा म्यानावरची जुनी चिठ्ठी भरवशाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोरोंशी लढलेल्या अमेरिकी सैनिकांनी असंख्य पाती आठवण म्हणून घरी नेली. एखाद्या म्यानाला तेव्हाची तारीखवार नोंद चिकटलेली असली, तर पातं बहुधा त्याहून नवं नाही एवढं म्हणता येतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जीपच्या कमानपाट्यांपासून पाती घडू लागली. त्यांना सरसकट नकली ठरवणं अन्यायाचं आहे. कमानपाटीचं पोलाद उत्तम असतं आणि बोलो, म्हणजे शेतातला मोठा कोयता, त्यातून झकास होतो. फक्त विक्रेता अशा पात्याला एकोणिसाव्या शतकातल्या पात्याची किंमत सांगू लागला, की त्याच्याच देखत भिंग काढावं.