वाद्यांचे ओझे आणि कारागिराचा धंदा

लग्नसराई आणि उरुसांचा हंगाम म्हणजे वाजवून पोट भरणाऱ्यांच्या कमाईचे दिवस. पण कव्वाली पार्टी असो, ऑर्केस्ट्रा असो की बँड, बिदागीतून टेम्पोचे भाडे व हमाली वजा केल्यावर हाती काय उरते याचा हिशेब फार थोडे कलावंत मांडतात. या ओझ्याकडे आम्ही आज धंद्याच्या नजरेने पाहणार आहोत. कारण कलावंताचे जे दुखणे आहे, तेच सुतार, रेक्झिनकाम करणारे, वेल्डर आणि वाद्य बनवणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांसाठी काम आहे.

ओझे हलके करण्याचा धंदा नवा नाही. युरोपातून आलेली हार्मोनियम खुर्चीवर बसून, पायाने भाता हलवून वाजवायची असे. घरातल्या कपाटासारखी ती एका जागी ठेवायची वस्तू होती. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता हलवण्याची लहान पेटी तयार केली. बैठकीवर मांडता येणारी आणि गावोगाव नेता येणारी ही पेटी पुढे भजनात, तमाशात व कव्वालीत सगळीकडे पोहोचली. वाजवणाऱ्याची अडचण ओळखून केलेल्या एका बदलाने किती कारागिरांना रोजी मिळाली, याचा विचार आमच्या वाचकांनीच करावा.

आजची अडचण विजेच्या सामानाची आहे. जुना अ‍ॅम्प्लिफायर जड असतो तो मुख्यतः आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे. त्यात लोखंडी पत्रे व तांब्याची तार ठासून भरलेली असते. नव्या पद्धतीच्या यंत्रात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद केली जाते. त्यामुळे अगदी लहान ट्रान्सफॉर्मर पुरतो आणि वजन बरेच उतरते. स्पीकरमध्येही १९८० च्या दशकात निघालेले निओडिमियमचे चुंबक वापरले, तर लहान चुंबकात तेवढेच काम होते. मात्र हा माल महाग पडतो आणि बिघडला तर गावातल्या मिस्त्रीला सहसा जमत नाही. म्हणून जुने विकण्याआधी दुरुस्तीची सोय पाहावी.

ज्याला नवे घेणे परवडत नाही, त्याने खोक्याकडे पाहावे. यामाहाचा १९८३ साली आलेला प्रसिद्ध डीएक्स-७ हा कीबोर्ड १४ किलोंच्या आसपास भरतो. आठ बाय चार फुटांचा १२ मिलिमीटर प्लायवूडचा तक्ता साधारण २० ते २५ किलोंचा असतो, आणि कीबोर्डच्या खोक्याला जवळजवळ अर्धा तक्ता लागतो. म्हणजे वाद्याइतकेच खोके जड! तेच खोके ६ मिलिमीटरच्या प्लायचे करून कडांना अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांना पत्रा आणि आत फोम लावला, तर पाच-सहा किलो वाचतात आणि वाद्यही सुरक्षित राहते. चाके मोठी व रबराची लावावीत. लहान चाके मैदानातल्या मातीत रुततात.

खोके बनवणाऱ्याने प्रवासाचे नियमही माहीत करून घ्यावेत. रेल्वेच्या स्लीपर डब्यात एका तिकिटावर ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. पण १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद व २५ उंच यापेक्षा मोठी पेटी ब्रेकव्हॅनमधून पाठवावी लागते. हे माप गिऱ्हाइकाला आधीच सांगणारा कारागीर त्याच्या लक्षात राहतो.

कलावंतांनी काय करावे? अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. जिना, अंधार आणि घाई असेल तर ती आणखी खाली येते. म्हणून प्रत्येक नग काट्यावर तोलून त्याचे वजन खोक्यावर लिहावे. २३ किलोंच्या वरचा नग दोघांनीच उचलावा. वायरींची एकच मोठी ट्रंक भरू नये, तिच्या दोन कराव्यात. सुपारी घेतानाच मजला, लिफ्ट आणि गाडी कुठवर येते हे विचारावे व हमाली बिदागीत वेगळी लिहून घ्यावी. पाठ धरली की आठवडाभराच्या सुपाऱ्या जातात, आणि ते नुकसान कोणी भरून देत नाही.

शेवटी मिरजेबद्दल. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब सितारमेकर यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्यांचे काम सुरू केले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तंबोऱ्याची अडचण वजनाची कमी, आकाराची जास्त. मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्याला प्रवासात एक धक्का पुरतो. ही अडचण बेंगळुरूचे जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने सोडवली. पुढे मोबाइलमध्येच तंबोरा आला आणि फिरत्या गायकाच्या हातातले मिरजेचे गिऱ्हाईक कमी झाले. भोपळ्याऐवजी लाकडी पेटीच्या चपट्या, लहान तंबोऱ्या बनवून काही कारागिरांनी त्याला उत्तर दिले आहे. खऱ्या तारेचा स्वर हवा असलेला गायक अशी तंबोरी आनंदाने घेतो.

आमचे म्हणणे एवढेच की, गिऱ्हाइकाचे ओझे जो कारागीर स्वतः एकदा उचलून पाहील, त्याला पुढच्या मालाचा नमुना सुचेल. दुसऱ्या कोणी तो आधी बनवला, तर तक्रारीला जागा राहत नाही. येत्या हंगामाआधी आपल्या गावातल्या एखाद्या पार्टीचे सामान उतरवायला जरूर जावे, आणि जाताना मोजपट्टी बरोबर न्यावी.