भाड्याचे घर : गृहीतके कशी धरावीत?

घर घेऊन भाड्याने द्यावे आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता सुटावा, असा बेत मनात धरून अनेक ग्राहक गृहकर्जाची चौकशी करतात. बेत वावगा नाही. परंतु त्यामागील गृहीतके बहुधा विकसकाच्या माहितीपत्रकातून घेतलेली असतात. नियोजित शहरात हा धोका अधिक, कारण तेथे आराखडा आधी येतो आणि माणसे मागाहून.

छत्तीसगडची राजधानी नवा रायपूर हे याचे बोलके उदाहरण. राज्य २००० साली स्थापन झाले आणि २०१२ च्या नोव्हेंबरात मंत्रालय जुन्या रायपुरातून नव्या शहरात आले. मंत्रालय आले म्हणजे कर्मचारी येणार व कर्मचारी आले म्हणजे भाडेकरू मिळणार, हा तर्क वरवर बिनचूक वाटतो. प्रत्यक्षात सुमारे वीस किलोमीटरवरील जुन्या शहरात स्वतःचे घर, मुलांची शाळा आणि रोजचा बाजार असल्याने कित्येक कर्मचारी बसने ये-जा करीत राहिले. जे राहावयास आले त्यांच्यासाठी शासकीय निवासस्थानेही होती. व्यवस्थापन संस्था व विधी विद्यापीठाचे विद्यार्थी वसतिगृहात राहतात. शहरात कामाला येणारे आणि शहरात घर शोधणारे हे दोन निराळे आकडे आहेत. गुंतवणूकदाराला दुसराच उपयोगी.

वाहतुकीच्या सोयीचा अर्थही जपून लावावा. सिडकोची स्थापना १९७० सालची. लोकल वाशीस पोहोचली १९९२ मध्ये. इतका काळ रिकाम्या घराचे व्याज सोसणे सर्वांना झेपत नाही. नवा रायपूरमार्गे रायपूर-अभनपूर मेमू गाडी ३० मार्च २०२५ रोजी सुरू झाली. तिच्यामुळे नव्या शहरात वस्ती वाढेल, की जुन्या शहरात राहून नोकरी करणे अधिकच सोपे होईल? दोन्ही शक्य आहे. म्हणून ‘रेल्वे आली, भाडे वाढणार’ हे गृहीतक हिशेबात धरू नये.

आता केवळ समजण्यासाठी काही काल्पनिक आकडे घेऊ. सदनिका ४० लाखांची, भाडे दरमहा १२,००० रुपये; म्हणजे वार्षिक परतावा ३.६ टक्के, असे माहितीपत्रक सांगेल. मुद्रांक, नोंदणी व किरकोळ सजावट धरून खर्च ४३ लाख होतो. वर्षातून दोन महिने घर रिकामे राहिले तर भाडे १,२०,००० रुपये. त्यातून देखभाल १८,०००, कर व दुरुस्ती १२,००० आणि दलाली ६,००० वजा जाता हाती ८४,००० रुपये, म्हणजे जेमतेम दोन टक्के. घर सहा महिने रिकामे राहिल्यास हीच रक्कम ३६,००० वर येते. उलट ३० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सुमारे २६,००० रुपये होतो. पहिल्या हिशेबातही दरमहा १९,००० रुपये पगारातूनच भरावे लागतील. ही तूट किंमतवाढीतून भरून निघेल असे मानणारा गुंतवणूकदार वस्तुतः भाड्यावर नव्हे, किंमतवाढीवर पैसे लावत असतो. तसे करण्यास हरकत नाही, पण ते स्वतःशी कबूल असावे.

प्राप्तिकरात, भरलेला पालिका कर वगळून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. मात्र नव्या करप्रणालीत घरापासूनचा तोटा पगारातून वजा करता येत नाही.

खरे भाडे जाणण्यासाठी दलालाला ‘किती भाडे येईल?’ असे न विचारता, त्याच संकुलात गेल्या वर्षी किती सदनिका भाड्याने गेल्या, किती दिवस रिकाम्या होत्या आणि करार कितीचा झाला, हे विचारावे. शक्य तर रात्री आठच्या सुमारास तेथे जाऊन किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजावे.