धरणातल्या गळासाठी दोरी कोणती घ्यावी?

धरणाचं पाणी ज्यांच्या बांधापर्यंत आलं आहे, त्यांच्यापैकी बरेचजण शेतीला जोड म्हणून पाण्यात गळ सोडतात. (जलाशयाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल, तिची परवानगी आधी घ्यावी.) गळ आणि आमिष सगळे पारखून घेतात, दोरी मात्र दुकानात दिसेल ती उचलतात. जितकी जाड तितकी चांगली, असा समज आहे. तो खरा नाही.

आपली धरणं म्हणजे बुडालेली गावं आणि शिवारं. उजनीचं धरण १९८० साली झालं, त्यात पळसदेवचं जुनं मंदिर बुडालं. पाणी फार आटलं की ते अजून उघडं पडतं. अशा तळाशी भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं असतात. तिथं दोरी कधी ना कधी अडकणारच. म्हणून ती कुठं तुटावी हे आपणच आधी ठरवून ठेवायचं.

गोठ्यातली दावण आठवा. मधला दोर जाड आणि जनावराचं दावं वेगळं. गळाचंही तसंच करा. मधली लांब दोरी पीळ घातलेल्या नायलॉनची, सुमारे दोन मिलिमीटर जाडीची घ्यावी. तिला हातभर लांबीच्या फांद्या तंगूसच्या, म्हणजे एकेरी पारदर्शक धाग्याच्या, अर्धा मिलिमीटर जाडीच्या बांधाव्यात. तळाला न्यायचा दगड मात्र साध्या सुतळीने बांधा. दगड कपारीत अडकला तर सुतळी तुटेल, गळ अडकला तर एक फांदी जाईल. बाकी सगळी दोरी हातात परत येईल. सगळीकडे एकच जाड दोरी लावली तर अडकल्यावर निम्मी पाण्यातच सोडून यावी लागते.

शिवडा किंवा मरळ धरायचा असेल तर गळालगतची वीतभर फांदी जाड तंगूसची किंवा बारीक तारेची ठेवा. या माशांचे दात धागा घासून तोडतात.

दुकानातली हिरवी-निळी प्लॅस्टिकची दोरी स्वस्त असते, पण पाण्यावर तरंगते, तळाच्या गळाला उपयोगी नाही. नायलॉन बुडतं. नायलॉनच्या सुताच्या पुड्यावर २१०/२/३ असा आकडा असतो. ९००० मीटर तंतूचं वजन २१० ग्रॅम, असा तो तंतू. दोन-दोन तंतूंचे तीन पदर, म्हणजे एकूण सहा तंतू. २१०/४/३ मध्ये बारा, म्हणजे दुप्पट माल. डोळ्याने जाडी बघून भाव करू नका, आकडा वाचा. हल्ली विणलेली बारीक दोरीही मिळते. ती फार मजबूत असते, पण ताणली जात नाही आणि हात कापते. हाताने ओढणाऱ्याने तिच्या नादी लागू नये, असं आमचं मत.

पुड्यावर छापलेल्या किलोंवरही भरवसा ठेवू नका. ओलं झालं की नायलॉनची ताकद सुमारे दहा टक्के उतरते, आणि साधी एकेरी गाठ मारली तर ती जवळपास निम्मीच उरते. तेव्हा परीक्षा घरीच घ्या. तुकडा रात्रभर भिजवा, नेहमीची गाठ मारा, झाडाला टांगून खाली बादली अडकवा आणि हळूहळू पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो; बादलीचं वजन वेगळं धरा. किती पाण्याला तुटली, तोच खरा आकडा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडी आवळली तर धागा घासून तापतो आणि तिथंच कमजोर होतो.

पूर्वी सुती दोरी कुजू नये म्हणून उन्हात वाळवत. नायलॉनला ऊनच खातं, ते सावलीत वाळवा. नखाने दाबत दोरी बोटांतून ओढून पाहा. खरखर लागली तर तेवढा भाग कापून टाका. आणि ओढताना दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका. मोठा मासा झटका देतो तेव्हा ती सोडवायला वेळ मिळत नाही.

कापलेले तुकडे काठावर टाकू नका. पाणी उतरलं की त्याच गाळात आपण गाळपेरा करतो. तेच तुकडे कुळवाच्या फासेत गुंततात, बैलाच्या खुराला आवळतात. काठावर चरणारी शेळी चाऱ्याबरोबर गिळते ती वेगळीच. पिशवीत घालून घरी आणा.